ट्रेनस्पॉटिंग: हसत हसत टॉमीच्या दारापर्यंत नेणारा सिनेमा

ट्रेनस्पॉटिंग अजून बघितला नसेल तर नक्की बघा, पण ताट हातात घेऊन बघू नका, आईवडिलांसोबत बघू नका, आणि तुमचं इंग्रजी कितीही फर्स्टक्लास असलं तरी सबटायटल्स लावल्याशिवाय बघू नका. १९९६ चा सिनेमा आहे, डॅनी बॉईलचा, दीड तासापेक्षा जरासाच मोठा, स्कॉटलंडमधल्या एडिनबरा शहरातल्या चार-पाच पोरांचा, ज्यातली बहुतेक हेरॉइनवर आहेत. आणि तो विनोदी आहे. हे ऐकलं की बऱ्याच जणांचं तोंड वाकडं होतं, ड्रग्जवर कसला विनोद करता म्हणून, तर मला आज नेमकं त्यावरच लिहायचंय, कारण व्यसनावर मी आजवर जे काही बघितलंय त्यात हा मला सगळ्यात प्रामाणिक सिनेमा वाटतो आणि तो हसवतो म्हणूनच प्रामाणिक वाटतो.

पुढे सगळी स्टोरी येणार आहे, टॉमीचं काय होतं तेही येणार आहे, कारण टॉमीबद्दल न बोलता या सिनेमाबद्दल बोलताच येत नाही. ज्यांना स्पॉइलर नकोयत त्यांनी इथेच थांबा, आधी सिनेमा बघून या.

तर मंडळी अशी आहेत. मार्क रेंटन (युअन मॅकग्रेगर) हा आपला हिरो, सगळी गोष्ट तोच सांगतो. स्पड (युएन ब्रेम्नर) मनाने एकदम साफ, कुणाचं वाईट न चिंतणारा, पण सगळीकडे मार खाणारा. सिक बॉय (जॉनी ली मिलर) दिसायला हँडसम, शॉन कॉनरीवर तासन्‌तास बोलू शकतो आणि मित्राला कधीही विकून खाऊ शकतो. बेगबी (रॉबर्ट कार्लाइल) ड्रग्जला हात लावत नाही, दारू पितो आणि माणसं फोडतो. आणि टॉमी (केविन मॅकिड), जो जिममध्ये जातो, डोंगर चढायला जातो, गर्लफ्रेंडवर जीव टाकतो आणि खोटं बोलत नाही. पहिल्यांदा बघताना सगळ्यांचं लक्ष रेंटनकडे असतं, साहजिक आहे, मॅकग्रेगरने कामच तसं केलंय. पण पुन्हा बघाल तेव्हा टॉमीवर डोळा ठेवा. सिनेमाचा कणा तो आहे.

सुरुवात बघा. प्रिन्सेस स्ट्रीटवरून रेंटन आणि स्पड जिवाच्या आकांताने पळतायत, दुकानातून उचललेला माल जॅकेटमधून रस्त्यावर सांडतोय, मागे दुकानाचे सिक्युरिटीवाले, इगी पॉपच्या गाण्याचा तो दणदणीत ड्रम, आणि वरून रेंटनचा आवाज, लोक आयुष्यात काय काय निवडतात त्याची यादी वाचतोय, नोकरी, फॅमिली, मोठ्ठा टीव्ही, वॉशिंग मशीन, आणि सांगतोय की मी हे काहीच निवडलं नाही. का नाही निवडलं? तर कारण काही नाही म्हणतो, हेरॉइन हातात असल्यावर कारण हवंय कुणाला. मध्येच फुटबॉलची मॅच दिसते, बॉल येऊन त्याच्या डोक्यावर आदळतो आणि तो मैदानात मागे कोसळायला लागतो, आणि पुढच्या शॉटला तोच माणूस तसाच कोसळतोय पण आता एका कळकट खोलीत, नुकतंच इंजेक्शन घेऊन. दोन-तीन मिनिटांत या पोराचं सगळं आयुष्य कळतं आणि तुम्ही अजून हसताय.

आणि मग तो जे बोलतो तिथे हा सिनेमा बाकीच्यांपेक्षा वेगळा होतो. तो म्हणतो, लोकांना फक्त दुःख आणि मरण दिसतं, पण यात सुख आहे हे सगळे विसरतात, सुख नसतं तर आम्ही केलंच नसतं, आम्ही मूर्ख नाही. हे वाक्य बोलायला हिंमत लागते. आपल्याकडे शाळाकॉलेजात व्यसनमुक्तीवर जी भाषणं होतात, पोस्टर लावतात, त्यात कवट्या असतात, साप असतात, सिगरेटच्या पाकिटावर फाटलेलं तोंड असतं, पण मजा येते हे कुणी कधी कबूल करत नाही. मग ज्या पोराने मित्राच्या नादाने एकदा ओढलंय आणि ज्याला मजा आलीय, त्याचा त्या पोस्टरवरचा विश्वास तिथेच उडतो, हे एक खोटं बोलले म्हणजे बाकीचंही खोटंच असणार असं त्याला वाटतं. ट्रेनस्पॉटिंग त्या पोराला आधी हो म्हणतो. तुझं बरोबर आहे, मजा येते. आता पुढे काय होतं ते बघ.

पुढे काय होतं ते आधी विनोदातच येतं. रेंटन हेरॉइन सोडायचं ठरवतो आणि त्याची तयारी करतो, टोमॅटो सूपचे दहा डबे, मशरूम सूपचे आठ, आइस्क्रीम, पॅरासिटामॉल, व्हिटॅमिनच्या गोळ्या, एक गादी, तीन बादल्या (कशाकशासाठी ते तो नीट समजावून सांगतो), एक टीव्ही, आणि आईकडून लाटलेली व्हॅलियमची (मन शांत करणाऱ्या गोळ्यांची) बाटली. आणि जाता जाता म्हणतो की माझी आईसुद्धा तिच्या घरगुती, समाजाला चालणाऱ्या पद्धतीने व्यसनीच आहे. सगळी तयारी करून तो आतून दाराला फळ्या ठोकतो, आता बाहेर जायचंच नाही. आणि मग लक्षात येतं की सुरुवात करायच्या आधी एक शेवटचा डोस पाहिजे, पुढच्या शॉटला त्या फळ्या उचकटून पडलेल्या. थेटरात हशा पिकावा असा सीन आहे. पण ज्यांनी घरात व्यसन बघितलंय ना, त्यांना माहितीये की ही शंभर टक्के खरी गोष्ट आहे, हे "उद्यापासून" आणि हे "शेवटचं एकदा" त्यांनी इतक्या वेळा ऐकलेलं असतं की त्यांना हसू आणि रडू एकदम येतं.

मी हे लांबून बोलत नाहीये. आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये एक मुलगा होता, गर्दवर गेलेला, त्याच्या आईने गॅसचा सिलेंडर खिडकीच्या गजाला साखळीने बांधून कुलूप लावून ठेवला होता, कारण आधीचा त्याने विकला होता. बाथरूमचे पितळी नळ काढून नेले होते त्याने. आणि तोच मुलगा सगळ्या बिल्डिंगमधला सगळ्यात विनोदी माणूस होता, जिन्यात भेटला की नक्कल करून दाखवायचा, सेक्रेटरीची, इस्त्रीवाल्याची, पोट धरून हसायचो आम्ही, आणि त्या हसण्यात कधी शंभर रुपये मागून घ्यायचा ते कळायचं पण नाही. त्यामुळे व्यसनी माणूस म्हणजे कोपऱ्यात बसलेला, दाढी वाढलेला, डोळे खोल गेलेला असं जे पडद्यावर दाखवतात ते मला नेहमी अर्धवट वाटतं. ही माणसं बोलकी असतात, गोड असतात, चलाख असतात. रेंटन तसा आहे. आपल्याला तो आवडतो, आणि तो आवडतोय तोपर्यंत तो आपल्याला फसवतोय, हे ज्यांनी लिहिलंय त्यांना या माणसांची नस बरोबर सापडलीय.

लिहिलंय जॉन हॉज यांनी, मूळ कादंबरी अर्विन वेल्श यांची, १९९३ ची. हॉज पेशाने डॉक्टर होते हे नंतर कळलं तेव्हा मला बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला. इंजेक्शन, बद्धकोष्ठ, हेरॉइन उतरायला लागल्यावर पोटात होणारी ती गडबड, ओव्हरडोस, सगळं कसं नेमकं दाखवलंय, उगाच ड्रामा नाही. पटकथेला बाफ्टा मिळालं, ऑस्करचं नॉमिनेशन पण मिळालं. वेल्श स्वतः छोट्या रोलमध्ये आहेत, रेंटनला अफूच्या सपोझिटरी (गुदद्वारातून घ्यायच्या गोळ्या) विकणारा तो कळकट डीलर म्हणजे तेच. आणि मॅकग्रेगर बाकीच्यांसोबत ग्लासगोच्या कॅल्टन अॅथलेटिक नावाच्या, व्यसनातून बाहेर पडलेल्यांच्या ग्रुपमध्ये जाऊन शिकला, इंजेक्शन कसं तयार करतात ते ग्लुकोज पावडरवर शिकला, वजन भरपूर उतरवलं. सुरुवातीच्या फुटबॉल मॅचमध्ये समोरच्या टीमकडून खेळतायत ते त्याच ग्रुपमधले लोक. बनावटीला इतकी खरी माणसं हाताशी होती म्हणून ते असं दिसतं.

त्या सपोझिटरीवरून तो टॉयलेटचा सीन. याबद्दल तुम्ही ऐकलेलं असणारच. सट्ट्याच्या दुकानामागचं स्कॉटलंडमधलं सगळ्यात घाण टॉयलेट, रेंटनच्या सपोझिटरी त्यात पडतात आणि तो हात घालतो, मग डोकं, मग अख्खा आत जातो, आणि आत काय तर निळंशार, स्वच्छ, शांत पाणी, तो पोहत खाली जातो, गोळ्या सापडतात, मागे ब्रायन ईनोचं ते संथ संगीत. मला विचाराल तर व्यसनाची याहून चांगली व्याख्या कुठल्या पुस्तकात नाही. बाहेरून बघणाऱ्याला गू दिसतो, आत असणाऱ्याला समुद्र दिसतो. (ती सगळी घाण चॉकलेटची होती म्हणे, तरी बघवत नाही.) आणि याच डॅनी बॉईलने पुढे २००८ मध्ये मुंबईत येऊन स्लमडॉग मिलियनेअर केला, त्यात तो छोटा जमाल अमिताभच्या सहीसाठी संडासाच्या खड्ड्यात उडी मारतो, आठवतंय ना? तो सीन बघताना मला लगेच रेंटन आठवला. एका पोराला सही हवीय, दुसऱ्याला अफू, आणि दोघांनाही त्या घाणीची काडीची फिकीर नाही. स्लमडॉगच्या वेळी आपल्याकडे त्या सीनवर बरीच आरडाओरड झाली, गरिबी विकतो वगैरे, पण त्याने आपल्या स्वतःच्या देशातल्या पोराला बारा वर्षं आधीच त्याहून वाईट संडासात घातलं होतं हे लक्षात घ्यायला हवं होतं.

आता टॉमी. टॉमी या सगळ्यांना ट्रेनने हायलँड्समध्ये घेऊन जातो, कोरूर नावाच्या स्टेशनवर, आजूबाजूला माणूस नाही, नुसतं माळरान आणि डोंगर, म्हणतो चला चढूया, मोकळी हवा खाऊया. आपल्याकडे पण प्रत्येक ग्रुपमध्ये असा एक मित्र असतो, जो म्हणतो चला राव, कळसूबाईला जाऊ, दारू काय रोजचीच आहे. बाकीचे जागचे हलत नाहीत. रेंटन तिथे उभा राहून स्कॉटिश असण्यावर जो काही संताप काढतो तो ऐकण्यासारखा आहे, आणि तिथून परत येताना ही मंडळी ठरवतात की शक्य तितक्या लवकर हेरॉइन पुन्हा सुरू करायचं. सिनेमात हे पण गमतीत घेतलंय. पण बघा, त्या डोंगराकडे चालत निघालेला एकटा टॉमी आहे.

मग काय होतं, टॉमीकडे त्याचा आणि त्याच्या गर्लफ्रेंडचा, लिझीचा, एक खाजगी व्हिडिओ असतो, रेंटन गंमत म्हणून ती कॅसेट गुपचूप ढापतो आणि त्या कव्हरमध्ये फुटबॉलची कॅसेट ठेवतो. लिझीला वाटतं आपली टेप भाड्याच्या कॅसेटसोबत दुकानात परत गेली आणि आता सगळं शहर बघतंय. ती टॉमीला सोडते. टॉमी कोसळतो. आणि मग हाच टॉमी, कधी बिडीला हात न लावणारा, रेंटनच्या दारात येऊन म्हणतो, मला पण एकदा बघायचंय. रेंटनचा नको-हो चाललेला असतो, पण टॉमी पैसे पुढे करतो आणि रेंटन घेतो. बस. एवढंच. कुठे विजा कडाडत नाहीत, संगीत चढत नाही. कॅसेटच्या ज्या विनोदावर आपण दहा मिनिटांपूर्वी हसलो, त्याचं बिल टॉमीच्या नावावर फाटलंय हे तेव्हा कळतं, आणि कळतं ते बघणाऱ्याला, रेंटन ते तोंडाने कधी कबूल करतच नाही.

टॉमीला एचआयव्ही होतो. रेंटन टेस्ट करून येतो, निगेटिव्ह. वर्षानुवर्षं टोचून घेणारा सुटला आणि काल सुरू करणारा अडकला. रेंटन त्याला भेटायला जातो तो सीन या सिनेमातला सगळ्यात शांत सीन आहे, अंधारलेला फ्लॅट, बाहेर दारावर लोकांनी काहीबाही लिहून ठेवलेलं, आत एकेकाळचा तो पैलवान गडी घोंगडीत बसल्यासारखा बसलेला. दोघांना बोलायला शब्द नाहीत. रेंटन निघताना पैसे देतो, भाड्यासाठी म्हणून, दोघांनाही माहितीये ते भाड्याला जाणार नाहीत. आणि शेवट, टॉमी मरतो ते एचआयव्हीने थेट नाही तर टोक्सोप्लाझमोसिसने, मांजरीच्या घाणीतून होणारा आजार, प्रतिकारशक्ती संपलेल्या माणसाच्या मेंदूत जाऊन बसतो. ती मांजर त्याने लिझीला मनवायला आणलेली, तिने घेतली नाही, मग त्याने ठेवून घेतली आणि तिची साफसफाई करायची ताकद त्याच्यात उरली नव्हती. टॉमीच्या प्रेतयात्रेच्या दिवशी एक मित्र ही गोष्ट सांगतो, आणि पुन्हा तीच पंचाईत, सांगण्याची पद्धत विनोदी आहे. तुम्ही हसता आणि त्याच क्षणी स्वतःची लाज वाटते. टॉमीच्या आधी त्या तान्ह्या बाळाचा सीन आहेच, त्यांच्याच टोळक्यातल्या अॅलिसनची मुलगी पाळण्यात मेलेली सापडते, सगळे किंचाळतायत, आणि त्या खोलीत कुणाला सुचतं काय, तर एक डोस बनवायचा. त्या आईला पण हवाय. रेंटन बनवतो आणि पहिला स्वतः घेतो, मग तिला देतो. तो ते सांगतो पण अशा आवाजात की त्यात काही विशेष नाही. मला या वाक्याने जितका धक्का बसला तितका त्या पाळण्याने पण बसला नाही.

हे सगळं आभाळातून पडलेलं नाही, तेवढं सांगायला हवं, कारण सिनेमा स्वतः काही समजावत बसत नाही. एडिनबराचा लीथ हा बंदराचा भाग, तिथली हेन्री रॉब शिपयार्ड १९८४ मध्ये बंद झाली, कामगार वस्त्यांमधल्या तरुण पोरांना काम नाही, आणि त्याच सुमाराला अफगाणिस्तान, पाकिस्तान, इराण या पट्ट्यातली स्वस्त हेरॉइन तिथे येऊन धडकली. पोलिसांनी काय केलं तर सिरिंजवर धाड, सुया जप्त करायच्या, दुकानदारांनी विकायच्या नाहीत. लोकांनी टोचणं थोडंच सोडलं? एकाच सुईवर दहा जण यायला लागले. १९८६ साली शहरातल्या एका दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आपल्याकडच्या टोचून घेणाऱ्या पेशंटच्या तपासण्या छापल्या, त्यात निम्म्याहून जास्त, ५१ टक्के लोक एचआयव्ही पॉझिटिव्ह निघाले. युरोपची एड्सची राजधानी असं नाव पडलं त्या शहराला, जिकडे आज आपण किल्ला बघायला आणि फेस्टिव्हलला जातो. त्यानंतर मग स्वच्छ सुया देणं, हेरॉइनऐवजी मेथाडोन हे औषध देणं हे सुरू झालं. टॉमी त्या ५१ टक्क्यांमधला आहे, म्हणून मी म्हणते की रेंटनच्या नशिबाकडे न बघता टॉमीकडे बघा.

तोच माल तेव्हा मुंबईत पण उतरत होता. ब्राउन शुगर, गर्द, पन्नीवर ओढायची. अनिल अवचट यांनी गर्दवर लेख लिहिले, पुलं आणि सुनीताबाईंनी ते वाचून मदतीचा हात पुढे केला आणि त्याच १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. ज्यांनी अवचट वाचलेत त्यांना रेंटनची टर्की (हेरॉइन एकदम बंद झाल्यावर होणारा त्रास) बघताना प्रत्येक गोष्ट ओळखीची वाटेल, अंग मोडून येणं, घाम, थंडी, जुलाब, भास. सिनेमात आईवडील त्याला लहानपणीच्या खोलीत कोंडतात, भिंतीला ट्रेनचं वॉलपेपर, खोली लांबच लांब होत जाते, ते मेलेलं बाळ छतावरून रांगत येतं. बाळाचं बाहुलं आज बघायला नकली वाटतं, मान्य, पण खोलीचं ते ताणलं जाणं अजूनही अंगावर येतं. एक फरक मात्र मला टोचतो. इथे आईवडील बाहेरून कडी लावतात आणि बाकी सगळं रेंटनच्या अंगातून निघून जाण्याची वाट बघतात, नंतर त्याच्याशी कुणी बसून बोलत नाही, ग्रुप नाही, फॉलोअप नाही. शरीरातून निघालं म्हणजे सुटलं असं नसतं हे मुक्तांगणचे लोक घसा कोरडा करून सांगत आलेत. सिनेमातही तो सुटलेला राहतो असं नाहीच, तेवढं त्यांनी खरं दाखवलंय.

ओव्हरडोसचा सीन वेगळा सांगते. रेंटन आणि स्पड चोरीत पकडले जातात, स्पड आत जातो, रेंटन सुटतो, पार्टी चाललेली असते आणि हा भिंतीवरून उडी मारून डीलरकडे जातो (पीटर मुलान, काय सुंदर काम केलंय, मायेने गिऱ्हाइकाला विष देणारा माणूस). इंजेक्शन घेतो आणि लाल गालिच्यात हळूहळू खाली उतरत जातो, कबरीत उतरवल्यासारखा, मागे लू रीडचं परफेक्ट डे. मग कॅमेरा त्या खड्ड्याच्या आतून बघत राहतो, दोन्ही बाजूंना गालिचाची किनार, त्याला फरपटत जिन्यावरून खाली नेतायत, टॅक्सीत टाकतायत, खिशात टॅक्सीचे पैसे कोंबतायत, हॉस्पिटलच्या दारात सोडतायत. एक नर्स येते, सुई मारते आणि तो धाडकन उठून बसतो. त्या सुईत असतं नॅलोक्सोन, ओव्हरडोस उतरवणारं औषध. स्कॉटलंडने २०११ पासून ते औषध व्यसनी लोकांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या हातात द्यायचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, तरी २०२० मध्ये तिथे ड्रग्जने १,३३९ माणसं गेली, जेमतेम ५५ लाख वस्तीच्या देशात. म्हणून हा सिनेमा नव्वदच्या दशकातली नॉस्टॅल्जिया म्हणून बघू नका, प्लीज. या सिनेमाचं ते केशरी पोस्टर भिंतीवर लावणाऱ्या कित्येकांना टॉमी आठवत पण नाही.

ग्लॅमराइज करतो का? हा आरोप पहिल्यापासून आहे. अमेरिकेत १९९६ मध्ये अध्यक्षपदाचे उमेदवार बॉब डोल यांनी यावर टीका केली होती, सिनेमा न बघताच. मला विचाराल तर पहिला अर्धा तास आकर्षक आहे, मुद्दाम आहे, गाणी भारी, पोरं भारी, एडिटिंग वेगवान. ज्याने तिथेच उठून टीव्ही बंद केला त्याच्यावर वाईट परिणाम होऊ शकतो, हे मी नाकारत नाही. पण पूर्ण बघितल्यावर कुणाला सुई हातात घ्यावीशी वाटेल असं मला तरी वाटत नाही. कॉलेजच्या पोरांना दाखवावा का? दाखवावा, सोबत बसून, नंतर बोलायची तयारी ठेवून. ब्रिटनमध्ये अठराच्या वरच्यांसाठी सर्टिफिकेट आहे आणि ते योग्य आहे, नागडेपणा, शिव्या, सुया, बाळ, सगळं आहे.

न आवडलेलं पण सांगते. बायका. डायन नावाची मुलगी (केली मॅकडोनाल्डचा हा पहिलाच सिनेमा, आणि काय आत्मविश्वास!) क्लबमध्ये रेंटनला भेटते, रात्र होते, सकाळी ती शाळेच्या युनिफॉर्ममध्ये समोर येते आणि सिनेमा ते हसण्यावारी नेतो. मला नाही हसू आलं. आणि अॅलिसन, जिचं मूल मेलं, तिचं पुढे काय झालं? टॉमीला सिनेमाने इतका वेळ दिला, तिला का नाही? लिझी पण तशीच, तिची टेप चोरीला गेली, तिची अब्रू गेली, पण दुःख सगळं टॉमीचं. पोरांच्या नजरेतून पोरांची गोष्ट आहे हे कबूल, तरी खटकतं.

दुसरं म्हणजे लंडनचा भाग. रेंटन लंडनला जाऊन घरं भाड्याने देण्याच्या धंद्यात लागतो, मग बेगबी आणि सिक बॉय येऊन त्याच्या डोक्यावर बसतात, मग टॉमीच्या मयतीनंतर सगळे मिळून हेरॉइनचा एक मोठा सौदा करतात, १६ हजार पाउंडला विकतात. हा भाग नेहमीच्या चोर-पोलिस सिनेमासारखा होतो थोडा. पण शेवटी रेंटन पहाटे बॅग उचलून निघतो तेव्हा स्पड जागा असतो, बघतो, आणि ओरडत नाही, तिथे ब्रेम्नरचा चेहरा बघा फक्त. आणि मग रेंटन हसत हसत चालतोय आणि सुरुवातीला जी यादी झिडकारली तीच आता मी निवडणार म्हणतोय. मित्रांना लुटून चांगला माणूस होणार. त्याचा विश्वास धरायचा की नाही हे सिनेमा सांगत नाही आणि मला ते फार आवडलं, कारण व्यसनातून सुटलेल्या माणसाच्या घरचे वर्षानुवर्षं नेमके याच प्रश्नात जगत असतात.

बाकी टेक्निकल बाजू पटकन. सुमारे १५ लाख पाउंडांत, चॅनल फोरच्या पैशावर केलेला सिनेमा, गोष्ट एडिनबराची पण शूटिंग बहुतेक ग्लासगोत, एका बंद पडलेल्या सिगरेटच्या फॅक्टरीत सेट लावून. भिंतींचे रंग बघा, लाल, हिरवे, गरिबी राखाडी दाखवायचीच असते हा नियम यांनी पाळला नाही. बोली इतकी जड आहे की अमेरिकेत रिलीज करताना सुरुवातीचे काही डायलॉग पुन्हा डब करावे लागले, म्हणून म्हणतेय सबटायटल्स लावा. हिंदी डबिंग कुठे मिळालं तरी घेऊ नका, त्या शिव्यांची लय जाते. बेगबी दारूचा ग्लास बाल्कनीतून मागे खाली भिरकावतो तो सीन, आणि स्पड स्पीड नावाचं ड्रग घेऊन नोकरीच्या इंटरव्ह्यूला जातो तो सीन, हे दोन रिवाइंड करून बघा. इंटरव्ह्यू द्यायचा तर आहे नाहीतर बेकारी भत्ता बंद, पण नोकरी लागता कामा नये, आणि तो बिचारा मनापासून इतकं खरं बोलतो की समोरच्या तिघांना काय करावं कळत नाही.

माझ्याकडून पाचात साडेचार, अर्धा डायन आणि अॅलिसनसाठी कापला. याचा पुढचा भाग, २०१७ चा टी२ पण आहे, हीच मंडळी वीस वर्षांनी, पोटं सुटलेली, केस गेलेले. सगळे म्हणतात पहिल्याची सर नाही, खरंय, पण लगोलग बघू नका, मध्ये काही महिने जाऊ द्या आणि मग स्पडसाठी बघा. तो अजूनही झगडतोय, अजूनही घसरतोय, आणि त्यात एका ठिकाणी रेंटन, सिक बॉय आणि स्पड पुन्हा त्या कोरूर स्टेशनवर जातात, टॉमीसाठी. पहिल्या सिनेमात ज्याला त्याचं काहीच देणं लागत नाही असं वाटत होतं त्या रेंटनला तिथे सिक बॉय थेट विचारतो टॉमीबद्दल, आणि सिक बॉयला रेंटन थेट विचारतो त्या बाळाबद्दल. तेवढ्या एका सीनसाठी तिकिटाचे पैसे वसूल आहेत.